'मुद्देमाल' आणि 'मेनर' : चोरीच्या मालाविषयीच्या न्यायसंज्ञांचा तौलनिक इतिहास

१. प्रस्तावना

'चोरास मुद्देमालासह अटक' हे शब्द वृत्तपत्रांच्या स्थानिक पानावर जवळजवळ रोज वाचावयास मिळतात. परिचय अतिशय झाल्यामुळे या शब्दाचा अर्थ आपण तपासून पाहत नाही. 'मुद्देमाल' म्हणजे नेमके काय? चोर पकडणे आणि चोर मालासह पकडणे या दोहोंत कायद्याने आणि लोकव्यवहाराने भेद का केला असावा? मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात हाच भेद सांगणारी 'मेनर' ही एक संज्ञा होती. भारतीय धर्मशास्त्रात 'होढ' आणि 'लोप्त्र' हे शब्द त्याच कामासाठी वापरले गेले. परस्परांशी संबंध नसलेल्या समाजांनी एकाच प्रश्नासाठी स्वतंत्र संज्ञा घडवाव्यात, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, 'मेनर', 'लोप्त्र' व 'मुद्देमाल' या संज्ञांची व्युत्पत्ती व त्यांमागील न्यायविचार स्पष्ट करणे. दुसरे, चोरीच्या मालाच्या शोधाशी निगडित असलेली गावाच्या जबाबदारीची पद्धत महाराष्ट्राच्या व विशेषतः सोलापूर परिसराच्या संदर्भात मांडणे. तिसरे, 'हाती माल सापडणे' या कसोटीला वळसा घालून जन्मावरूनच माणसास चोर ठरविणारा कायदा एकोणिसाव्या शतकात कसा आला व त्याचा सोलापूरशी काय संबंध होता, याचा विचार करणे. विवेचनाची पद्धत ऐतिहासिक व तौलनिक आहे.

२. इंग्रजी कायद्यातील 'मेनर'

'मेनर' हा शब्द इंग्लंडमध्ये नॉर्मन विजयानंतर (इ. स. १०६६) न्यायालयांत रूढ झालेल्या फ्रेंच बोलीतून आला. त्याचे मूळ 'हाताने केलेले काम' या अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहात आहे. युद्धातील हालचालींना आज ज्या शब्दाने संबोधतात तो 'मनूव्हर' हा शब्दही त्याच मुळाचा. कायद्याच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ संकुचित झाला आणि चोराच्या हाती प्रत्यक्ष सापडलेली चोरीची वस्तू म्हणजे 'मेनर' असे ठरले. 'मेनरसह पकडला गेला' असा शब्दप्रयोग रूढ झाला. मराठीतील 'मुद्देमालासह पकडला' याच्याशी त्याचे साम्य आश्चर्य वाटावे इतके आहे.

नॉर्मनांच्या आधीही ही कल्पना इंग्लंडमध्ये होती. अँग्लो-सॅक्सन कायद्यात अशा चोरासाठी दोन विशेषणे आढळतात. एकाचा अर्थ 'हाती धरून असलेला' आणि दुसऱ्याचा 'पाठीवर वाहणारा'. ज्या जमीनदारास आपल्या हद्दीत पकडलेल्या चोरास शासन करण्याचा अधिकार असे, तो अधिकार मुख्यतः अशा मालासह सापडलेल्या चोरापुरता होता. रोमन कायद्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. बारा पाट्यांच्या कायद्याने प्रत्यक्ष पकडलेली चोरी व मागाहून उघडकीस आलेली चोरी असे दोन वर्ग केले होते. पहिल्या वर्गात स्वतंत्र नागरिकास फटके मारून फिर्यादीच्या हवाली करीत, तर गुलामाचा कडेलोट होई. दुसऱ्या वर्गातील चोरास वस्तूच्या दुप्पट रक्कम भरून सुटता येई.

विल्यम ब्लॅकस्टनने आपल्या इंग्रजी कायद्यावरील भाष्यग्रंथाच्या चौथ्या खंडात (१७६९) 'मेनर'चा परिणाम नोंदविला आहे. सर्वसाधारण आरोपीविरुद्ध प्रथम ज्यूरीकडून रीतसर दोषारोप ठेवला जाणे आवश्यक असे. मेनरसह सापडलेल्या चोरास मात्र अशा दोषारोपावाचूनच न्यायालयापुढे उभे करून त्याची चौकशी करता येई. जुन्या डॅनिश कायद्याप्रमाणे तर त्यास जागच्या जागी फाशी देता येई. तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत (१३२७-१३७७) संमत झालेल्या कायद्यांनी ही पद्धत बंद केली.

प्रथा गेली तरी शब्द राहिला. लोकांच्या तोंडी 'मेनर' या अनोळखी शब्दाचे 'रीत' या अर्थाच्या 'मॅनर' या ओळखीच्या शब्दात रूपांतर झाले. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो याच बदललेल्या रूपात आढळतो. पुढे त्याची जागा स्कॉटलंडच्या कायद्यातील 'लाल हात' या प्रयोगाने घेतली. मूळचा हा प्रयोग रक्ताने माखलेल्या हाताविषयीचा होता. आज मराठीत आपण 'रंगेहाथ' म्हणतो त्यामागील कल्पनाही तीच आहे.

३. धर्मशास्त्रातील 'होढ' व 'लोप्त्र'

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाने चोरास देहान्त शिक्षा केव्हा द्यावी याविषयीचा नियम आहे. चोरीचा माल हाती आल्यावाचून धार्मिक राजाने चोराचा वध करू नये. मात्र माल व चोरीची साधने यांसह तो सापडल्यास विचार करीत बसू नये, असा त्याचा आशय आहे. येथे चोरीच्या मालाला 'होढ' आणि मालासह सापडलेल्या चोराला 'सहोढ' म्हटले आहे. पुत्रप्रकारांतील 'सहोढ' हा शब्द वेगळा असून त्याचा येथे संबंध नाही. 'मेनरसह' आणि 'सहोढ' या दोन शब्दांची घडण व कार्य एकच आहे, हे ध्यानात येईल.

याज्ञवल्क्यस्मृतीत 'लोप्त्र' हा शब्द येतो. 'लुप्' म्हणजे लुटणे, हिरावून घेणे. त्यापासून लोप्त्र म्हणजे लुटलेली वस्तू. अमरकोशातही चोरीच्या धनाला हाच शब्द दिला आहे. याज्ञवल्क्याच्या मते राजपुरुषांनी चोर पकडावयाचा तो लोप्त्रावरून किंवा पदावरून, म्हणजे पावलांच्या मागावरून. त्याखेरीज पूर्वी अपराध केलेला आणि ज्याचे राहण्याचे ठिकाण संशयास्पद आहे असा मनुष्यही धरता येतो. नाव व जात लपविणारे, जुगारी, मद्यपी, विचारपूस करताच ज्यांच्या तोंडाला कोरड पडते व आवाज बदलतो असे लोकही संशयितांच्या यादीत आहेत.

ही यादी पाहता धर्मशास्त्र केवळ वस्तुनिष्ठ पुराव्यावर उभे होते, असे विधान करणे धाडसाचे ठरेल. व्यक्तीच्या राहणीवरून व पूर्वचरित्रावरून संशय घेण्याची मुभा तेथे होती. संशयावरून धरलेल्या माणसाने आपली शुद्धता सिद्ध केली नाही तर त्याच्याकडून गेलेला माल भरून घ्यावा व त्यास चोराप्रमाणे दंड करावा, असेही स्मृतिकार सांगतो. तथापि दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. हा संशय विशिष्ट चोरीसंबंधी होता आणि त्यातून सुटण्याचा मार्ग संशयितासाठी उघडा होता. या दोन गोष्टींचे महत्त्व पुढे सातव्या विभागात स्पष्ट होईल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चौथ्या अधिकरणात संशयावरून, वस्तूवरून व कृत्याच्या खुणांवरून पकडणे असे तीन प्रकार वेगळे केले आहेत. तेथे सापडलेल्या वस्तूस 'रूप' म्हटले आहे. हरवलेल्या अथवा चोरीस गेलेल्या वस्तूची वर्दी त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यांना द्यावी. वर्दी मिळूनही वस्तू दडविणारा व्यापारी चोराच्या साह्यकर्त्याइतकाच दोषी, पण अजाणता घेतलेली वस्तू परत करणारा निर्दोष, असा विवेक त्यात आहे. पुढे कौटिल्य एक मार्मिक आक्षेप विचारात घेतो. माणसांत व जनावरांतही दोन रूपे सारखी दिसतात, मग एकाच कच्च्या मालापासून एकाच कारागिराने घडविलेल्या वस्तू सारख्या दिसल्या तर नवल काय? सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरात या प्रश्नाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. भवानी पेठेसारख्या वस्तीत एकाच मागावर एकाच नमुन्याची दोन लुगडी निघाली, तर त्यांतील चोरीस गेलेले कोणते हे केवळ पाहून कोण सांगणार? सूत तर विणले गेले की त्याची मूळ ओळखच नाहीशी होते. तेव्हा वस्तू सापडणे म्हणजे चोरी सिद्ध होणे नव्हे. ती वस्तू तीच आहे, हे आधी सिद्ध व्हावे लागते.

४. मिताक्षरेचा इशारा

याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही सुप्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात (१०७६-११२६) कल्याणी येथे लिहिली. कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेस, उमरग्यापलीकडे असलेले आजचे बसवकल्याण. आजच्या सोलापूर जिल्ह्याचा प्रदेश त्या काळी याच राज्यात मोडत होता. वारसा व विभागणी यांच्या संदर्भात मिताक्षरेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. तिच्या फौजदारी विवेचनाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

लोप्त्राविषयी लिहिताना विज्ञानेश्वर नारदाच्या वचनांचा आधार घेऊन सावधगिरीचा इशारा देतो. एखाद्याजवळ सापडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातून गळून पडलेली असू शकेल, जमिनीवर सहज सापडलेली असू शकेल, किंवा खऱ्या चोरानेच ती तेथे टाकलेली असू शकेल. म्हणून लोप्त्राची परीक्षा प्रयत्नपूर्वक केली पाहिजे. खोटे खऱ्यासारखे व खरे खोट्यासारखे दिसते, म्हणून परीक्षण युक्त होय, असे त्याचे तात्पर्य आहे. मनूने मालासह सापडलेल्याचा विचार करू नये असे म्हटले होते. येथे नेमका विचारच करावयास सांगितला आहे. इंग्लंडमध्ये हा बदल संसदेच्या कायद्यांनी झाला, तर आपल्याकडे तो टीकाकाराच्या लेखणीने झाला. दोन्ही ठिकाणी प्रवासाची दिशा एकच होती.

या इशाऱ्यामागे अनुभव होता, याची साक्ष कथापरंपरा देते. महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषी मौनव्रतात असताना चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला. मागावर आलेल्या राजपुरुषांना माल सापडला आणि ऋषींना सुळावर चढविण्यात आले. कौटिल्यही मांडव्याचे उदाहरण देतो, पण यातनांच्या भयाने चोर नसताना 'चोर आहे' अशी कबुली देणारा मनुष्य म्हणून. त्यावरून पुरावा पूर्ण झाल्यावाचून शिक्षा करू नये, असा निष्कर्ष तो काढतो.

याच कथेचे एक मराठी रूप सोलापूर जिल्ह्यातीलच पंढरपूरचे आहे. संत जनाबाईच्या घरून परतताना विठ्ठल आपले पदक तेथेच विसरला, ते बडव्यांना जनाबाईकडे सापडले, चोरीचा आळ येऊन तिला सुळाकडे नेण्यात आले आणि सुळाचे पाणी झाले, ही आख्यायिका वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. संतचरित्रकार महिपतींच्या परंपरेने ती घरोघरी पोहोचविली. भक्तीच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहेच. न्यायाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता, माल सापडला तरी दासी म्हणून राबणारी एक स्त्री निरपराध असू शकते आणि तिचे म्हणणे ऐकून घेण्यास कोणी तयार नसते, ही जाणीव लोकमानसाने या कथेत जतन केली आहे. मिताक्षरेने पंडितांना जे सांगितले, तेच या कथेने सामान्य जनांना सांगितले.

५. माग आणि गावाची जबाबदारी

माल हाती यावयाचा तर त्याचा माग काढला पाहिजे. याज्ञवल्क्याने 'लोप्त्रा'च्या जोडीला 'पद' ठेवले आहे ते यासाठीच. माग गावाबाहेर गेलेला नसेल तर दोष गावच्या अधिकाऱ्याचा. चोरी शिवारात झाली असेल तर त्या गावाने भरपाई द्यावी, किंवा माग जेथे जातो त्या गावाने द्यावी. गावापासून कोसाबाहेर घडलेल्या घटनेत भोवतालच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून भरपाई करावी, असा त्याचा नियम आहे. कौटिल्याचा नियमही याच धर्तीचा आहे.

ही केवळ ग्रंथातील तरतूद नव्हती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या पहारेकऱ्याचे, म्हणजे जागल्याचे काम तपशिलाने वर्णिले आहे. रात्री पहारा करणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणे, गावातील प्रत्येकाची चालचर्या माहीत असणे ही त्याची कर्तव्ये होत. चोरी झाली की तो पावलांचा माग काढी. माग शेजारच्या गावी पोहोचला आणि तेथील जागल्याची तशी खात्री पटली, की पहिल्याचे काम संपे व दुसऱ्याचे सुरू होई. ज्या शेवटच्या गावापर्यंत माग निश्चित लागला, ते गाव गेलेल्या मालास जबाबदार. भरपाई प्रथम जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून व उरलेली साऱ्या गावाकडून वसूल होई. ही वसुली अन्यायाची आहे आणि ती पूर्णांशाने क्वचितच होत असे, असेही एल्फिन्स्टन नमूद करतो. हे काम ठिकठिकाणी रामोशी, महार, मांग, भिल्ल या समाजांकडे वतनाने चालत आलेले होते. गावगाड्यात ज्यांचे स्थान सर्वांत खालचे, त्यांच्यावरच साऱ्या गावाच्या मालाची जोखीम ठेवलेली होती, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

दहाव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजा एडगर याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'हंड्रेड'विषयक आज्ञापत्रातही असाच नियम आहे. एका हंड्रेडने काढलेला माग दुसऱ्याच्या हद्दीत शिरला तर तेथील प्रमुखास कळवावे व त्याने पुढे माग चालवावा. पुढे १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने दरोडेखोर हाती न लागल्यास हंड्रेडवर भरपाईची जबाबदारी टाकली. याज्ञवल्क्य, एडगर आणि एल्फिन्स्टनने पाहिलेला जागल्या यांच्यात कोणताही ऐतिहासिक दुवा दाखविता येत नाही. तरीही शेतीप्रधान समाजात, जेथे खेळते धन म्हणजे मुख्यतः गुरेढोरे, तेथे गुरांच्या खुरांचा माग हाच सर्वांत विश्वसनीय साक्षीदार असणार, हे उघड आहे. समान परिस्थितीने समान नियम घडविले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

एका बाबतीत मात्र दोन परंपरा भिन्न दिशांनी गेल्या. पळताना चोराने टाकून दिलेल्या मालास इंग्रजी कायद्यात 'वेफ' अशी स्वतंत्र संज्ञा होती आणि तो माल राजाचा होई. धन्याने स्वतः तातडीने पाठलाग केला नाही, याची ती शिक्षा मानली जाई. याउलट गौतम, मनू व याज्ञवल्क्य यांच्या मते चोरीचा माल मिळवून ज्याचा त्यास परत करणे हे राजाचे कर्तव्य आहे, मग धनी कोणत्याही वर्णाचा असो. माल मिळालाच नाही तर राजाने तो आपल्या कोशातून भरून द्यावा, असेही गौतम सांगतो. व्यवहारात हे कितपत पाळले गेले हा प्रश्न वेगळा, परंतु रक्षणासाठी कर घेणाऱ्या सत्तेवर अपयशाची जबाबदारी टाकणारे हे तत्त्व मननीय आहे.

६. 'मुद्देमाल' : शब्द व अर्थ

'लोप्त्र' हा शब्द मराठी लोकव्यवहारात टिकला नाही. बहमनी राजवटीपासून आणि पुढे निजामशाही व आदिलशाही यांच्या काळात फारसी ही राज्यकारभाराची भाषा झाली. सोलापूरचा किल्ला या दोन शाह्यांतील दीर्घ कलहाचा विषय होता. फिर्याद, गुन्हा, जबानी, महजर हे शब्द या काळात मराठीत स्थिरावले, आणि 'मुद्देमाल'ही याच घराण्यातला आहे.

अरबीत 'दावा' ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून 'मुद्दई' म्हणजे दावा करणारा, 'मुद्दालेह' म्हणजे ज्याच्यावर दावा आहे तो, आणि 'मुद्दआ' म्हणजे ज्याविषयी दावा आहे ती गोष्ट, हे शब्द बनतात. 'मुद्दआ'चे मराठी रूप 'मुद्दा'. त्याला 'माल' जोडून 'मुद्देमाल' झाला. म्हणजे मुळात तो 'ज्यावर दावा सांगितला आहे असा माल' होय. आज वादविवादात आपण 'मुद्दा मांडतो', 'मुद्द्यावर येतो', तो शब्दही याच मुळाचा आहे.

तिन्ही संज्ञा शेजारी ठेवल्या असता त्यांच्या दृष्टिकोनांतील भेद स्पष्ट होतो. 'मेनर' चोराच्या हाताकडे पाहतो, 'लोप्त्र' लुटण्याच्या कृतीकडे पाहतो आणि 'मुद्देमाल' धन्याच्या दाव्याकडे पाहतो. ज्याची वस्तू गेली त्याचा हक्क शब्दातच सामावलेला असणे हे 'मुद्देमाल' या संज्ञेचे वैशिष्ट्य मानावे लागेल. पुढे तिचा अर्थविस्तार झाला. आता हत्यार, दारू, वाहन, कागदपत्रे असे पंचनामा करून जप्त केलेले सर्व काही मुद्देमाल ठरते. त्यासाठी पोलिस ठाण्यात मुद्देमाल कारकून असतो, पावती असते, नोंदवही असते. दाव्याचा मूळ अर्थ मागे पडून पुराव्याचा अर्थ पुढे आला.

७. वस्तूकडून जन्माकडे

मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याच्या फौजेने सोलापूर घेतले आणि हा परिसर कंपनीच्या अमलाखाली आला. पुढील अर्धशतकात जुनी पद्धत मोडून नवे फौजदारी कायदे आले. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिने 'चोरीची मालमत्ता' या संज्ञेची व्याख्या केली व ती जाणूनबुजून घेणाऱ्यास शिक्षा सांगितली. माल परत मिळवून देण्यासाठी मोबदला घेऊन अपराध्यास मोकळे सोडणे हाही गुन्हा ठरविला. इंग्लंडमध्ये चोराशी परस्पर तडजोड करण्याच्या अशाच अपराधास 'थेफ्टबोट' हे प्राचीन नाव होते. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ११४ व्या कलमातील पहिल्या उदाहरणानुसार, चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात आढळतो व जो त्याचा खुलासा करू शकत नाही, तो एकतर चोर आहे किंवा तो माल चोरीचा असल्याचे जाणून त्याने घेतला आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 'मेनर' व 'लोप्त्र' यांचे हे आधुनिक रूप होय. 'शकते' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खुलाशास वाव आहे आणि न्यायाधीशास विवेक आहे. आरोपीचा वाईट लौकिक हा सामान्यतः पुरावा होऊ शकत नाही, हेही याच अधिनियमाने सांगितले.

परंतु त्याच्या अवघे पाच महिने आधी, ऑक्टोबर १८७१ मध्ये, त्याच विधिमंडळाने गुन्हेगार जमाती अधिनियम संमत केला होता. दोन्ही वेळी कायदासदस्य सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हेच होते. या अधिनियमानुसार एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीर गुन्हे करण्याच्या सवयीचा आहे असे सरकारास वाटल्यास त्यास अधिसूचनेने 'गुन्हेगार' ठरविता येई. त्या अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयास शंका घेता येत नसे. नोंदणी, हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी हे त्याचे परिणाम होते. गावचे मुखिया व पहारेकरी यांच्यावर अशा लोकांची खबर देण्याचे बंधन आले. पूर्वी जागल्या पावलांचा माग काढी, तर आता व्यवस्था माणसांच्या जन्माचा माग काढू लागली.

वर तिसऱ्या विभागात नोंदविलेले दोन भेद येथे निर्णायक ठरतात. स्मृतीतील संशय विशिष्ट चोरीसंबंधी होता, येथे कोणतीही चोरी घडलेली असण्याची आवश्यकता नव्हती. तेथे संशयितास स्वतःस शुद्ध ठरविण्याचा मार्ग होता, येथे न्यायालयाचे दारच बंद होते. 'मेनर'च्या अन्यायात निदान हातात वस्तू तरी असे. या कायद्यात हात रिकामे असले तरी मनुष्य गुन्हेगारच होता.

आरंभी हा कायदा उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या अधिनियमाने तो मुंबई इलाख्यासही लागू होऊ शकला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. मुंबई इलाख्यात अशा जमातींच्या वसाहती उभारण्यात आल्या व त्यांसाठी ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याकडे देखरेख देण्यात आली. सोलापूरची वसाहत त्यांतील प्रमुख वसाहतींपैकी एक होती. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या लोकांना एका जागी बांधून ठेवावयाचे होते. या दोन गरजा तारेच्या कुंपणात एकत्र आल्या. शाळा व काम दिले गेले हे खरे, परंतु दिवसाची हजेरीही होती आणि बाहेर जाण्यास परवाना लागे. तेथे जन्मलेल्या मुलाने काहीही चोरलेले नसताना त्याचे जीवन कुंपणाच्या आत सुरू होई.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला. तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. सोलापुरातील 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव मात्र कायम आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मकथनाने कायदा गेल्यानंतरही संशय कसा उरतो, हे मराठी वाचकांसमोर प्रभावीपणे मांडले.

८. सद्यःस्थिती

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे अमलात आले. चोरीच्या मालाच्या ताब्यावरून काढावयाचे अनुमान साक्ष्य अधिनियमाच्या ११९ व्या कलमात जसेच्या तसे कायम आहे. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता आवश्यक करण्यात आले आहे. मिताक्षरेने व्यक्त केलेली 'माल कोणी तेथे टाकला तर' ही शंका यामागे आहे, असे म्हणता येईल.

धन्यास माल परत मिळण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (२००२) या प्रकरणात, जप्त मालमत्ता पोलिस ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नये, असे स्पष्ट केले होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमाने मालाचे विवरण चौदा दिवसांत तयार करण्याची आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देण्याची मुदत घातली आहे. 'मुद्देमाल' या शब्दातील धन्याच्या दाव्याचा विसरलेला अर्थ या तरतुदींमुळे पुन्हा जागा होत आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'मेनर', 'होढ-लोप्त्र' व 'मुद्देमाल' या संज्ञा स्वतंत्रपणे निर्माण झाल्या असल्या तरी त्यांमागील गरज एकच होती. माणसास चोर म्हणण्यापूर्वी वस्तू दाखवा, ही ती गरज.

२) या कसोटीतही धोका आहे, याची जाणीव दोन्ही परंपरांना कालांतराने झाली. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकातील कायद्यांनी, तर आपल्याकडे त्याआधीच कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मालाच्या परीक्षणाचा आग्रह धरला. मांडव्य व जनाबाई यांच्या कथांतून तीच जाणीव लोकांपर्यंत पोहोचली.

३) माग व गावाची सामूहिक जबाबदारी ही पद्धत प्रभावी होती, पण तिचा भार दुर्बलांवर अधिक पडत असे.

४) १८७१ च्या अधिनियमाने या सर्व परंपरांतील किमान अटच काढून टाकली. त्यामुळे तो कायदा जुन्या समजुतींचे केवळ पुढचे पाऊल होता, असे मानता येत नाही. सोलापूरची वसाहत ही त्याची आपल्या शहरातील खूण आहे.

एखादी चोरी झाल्यावर विशिष्ट वस्तीतील तरुणांना प्रथम ठाण्यावर बोलावले जाते, तेव्हा त्यांच्याकडे मुद्देमाल सापडला आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. सापडला असेल तर त्याची परीक्षा व्हावी. सापडला नसेल तर त्यांना धरून ठेवण्याचे कारण, मनूच्या काळापासून आजच्या साक्ष्य अधिनियमापर्यंतच्या कोणत्याही प्रगल्भ न्यायविचारात नाही.